मशीन आपलं, कंट्रोलर कुणाचा?

मेक इन इंडियाची चर्चा सुरू झाली की मोबाईल, गाड्या, चिप, हल्ली ड्रोन, एवढ्यावरच सगळं फिरत राहतं. पण या सगळ्यांचे पार्ट ज्या मशीनवर बनतात ते मशीन कोण बनवतं, हा प्रश्न कुठल्या चॅनेलवर ऐकलाय कधी? मी तरी नाही. लेथ, मिलिंग, ग्राइंडर, सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं मशीन), व्हीएमसी (तसंच चालणारं उभं मिलिंग मशीन) ही सगळी मशीन टूल्स, म्हणजे मशीन बनवणारी मशीनं. गाडीचा क्रँकशाफ्ट असो, गुडघ्यात बसवायचा इम्प्लांट असो नाहीतर तोफेची नळी, शेवटी कुठल्यातरी मशीन टूलवरूनच ते उतरतं. ज्या देशाला ही मशीनं बनवता येत नाहीत त्याने कितीही कारखाने टाकले तरी आपण किती अचूक काम करू शकतो याची मर्यादा दुसराच कुणीतरी ठरवतो, आणि भारत आज अर्धा-मुर्धा याच अवस्थेत आहे. आपल्याला लागणाऱ्या मशीन टूल्सपैकी साधारण निम्मी अजूनही बाहेरून येतात, आणि त्यातही जितकं काम अवघड तितका बाहेरचा वाटा जास्त.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपण मागे पडलो ते स्वस्त चिनी मालामुळे नाही, युनियनमुळे नाही, आणि आपल्या लोकांना जमत नाही म्हणून तर अजिबात नाही. आपण मागे पडलो कारण भारतीय मशीनचं पहिलं गिऱ्हाईक व्हायला इथल्या मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती कधी मनापासून तयार झाली नाहीत, आणि मशीनच्या आतले जे खरे अवघड पार्ट आहेत त्यांच्यावर वीस-पंचवीस वर्षं पैसा लावून बसायची तयारी कुणीच दाखवली नाही. कस्टम ड्यूटी वाढवा, चायना बॅन करा, हे ओरडणं सोपं आहे, त्याने हा प्रश्न सुटणार नाही.

इतिहास बघा, तो बराचसा आपल्या आसपासचाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं सायकलचं दुकान, लोखंडी नांगर, १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, हे आपल्याला माहीत असतं. त्याच माळावर पुढे लेथही बनायला लागली हे मात्र फार कुणी सांगत नाही. साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात नांगर आणि इंजिनांबरोबर मशीन टूल्सही व्हायची. मग दुसरं महायुद्ध आलं, इंग्लंडहून येणारी मशीनं जवळजवळ थांबली आणि अचानक सगळ्यांना कळलं की लेथ नसेल तर बाकीचं काहीच होत नाही. त्याच काळात, १९४१ मध्ये, तुंगभद्रेच्या काठी हरिहरला मैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं तिथली लेथ देशभरच्या वर्कशॉपांत आणि आयटीआयमध्ये पोचली. १९४६ पर्यंत मशीन बनवणाऱ्यांची स्वतःची देशपातळीवरची संघटनाही झाली होती. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपण शून्यावर नव्हतो, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

मग एचएमटी. १९५३ साली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनबरोबर करार करून, बंगलोरजवळ जलहळ्ळीला. आज एचएमटी म्हटलं की लोकांना वडिलांचं किल्लीचं घड्याळ आठवतं, पण घड्याळं १९६१ ला सिटिझनबरोबर आली, ती नंतरची गोष्ट. मूळ कारखाना मशीन टूल्सचा, आणि काय मशीनं होती ती! एनएच-२२ लेथ, एफएन-२ मिलिंग, रेडियल ड्रिल. भोसरीत, सातपूरला, शिरोलीत, गोकुळ शिरगावला कुठल्याही जुन्या शेडमध्ये जा, चाळीस वर्षांची एचएमटी अजून जॉब (पार्ट) काढताना दिसेल, आणि सेकंडहँड बाजारात एचएमटी म्हटल्यावर आजही भाव वर जातो. मी मेंटेनन्समध्ये हात काळे केलेला माणूस आहे, त्या लेथचं हेडस्टॉक उघडून बघितलंय, गिअर ज्या पद्धतीने बसवलेत ते बघून आजही आदर वाटतो. पिंजोर, कळमश्शेरी, हैदराबाद, अजमेर असे कारखाने वाढत गेले. १९६२ मध्ये मशीन टूल्सच्या संशोधनासाठी बंगलोरलाच सीएमटीआय ही संस्था निघाली. त्या पिढीने जे केलं ते थोर काम होतं, आणि सरकारी कंपनी म्हटली की नाक मुरडणाऱ्यांनी एकदा एफएन-२ वर काम करून बघावं.

पण चूक कुठे झाली? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिली म्हणजे परदेशी कंपनीकडून ड्रॉइंग घ्यायची, मशीन उत्तम बनवायचं, ते पंधरा-वीस वर्षं तसंच विकायचं, आणि नवीन मॉडेल हवं झालं की पुन्हा नवीन लायसन्स. आयातीवर बंदी, गिऱ्हाईक नंबर लावून उभं, मग डिझाइन बदलायची गरजच कुणाला वाटणार! दुसरी चूक मंदीतली. साठच्या दशकाच्या मध्यावर मशीन टूल्सची मागणी एकदम आटली. हा धंदाच तसा आहे, गिऱ्हाईकाचा धंदा दहा टक्क्यांनी बसला की नवीन मशीनची ऑर्डर दहा टक्क्यांनी कमी होत नाही, ती थेट बंदच होते, कारण जुन्या मशीनवर भागतं. अशा वेळी एचएमटीने ट्रॅक्टर, छपाईची मशीनं, बल्ब, बेअरिंग असं काय काय सुरू केलं. पोट भरायला ते समजण्यासारखं आहे, पण नेमक्या त्याच वर्षांत जपानमध्ये मशीनला कंट्रोल, म्हणजे आकड्यांच्या हुकमाने मशीन चालवणारा मेंदू, बसत होता आणि आपलं लक्ष सगळीकडे पांगलं होतं. मग १९९१ आलं, दारं उघडली, तैवान आणि जपानची सीएनसी आत आली, आणि हातात हँडव्हील घेऊन चालणारी कितीही चांगली मशीनं असली तरी त्यांची मागणी बघता बघता गेली. मैसूर किर्लोस्करला ते झेपलं नाही. एचएमटीची घड्याळं आणि ट्रॅक्टर २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, मशीन टूल्सची कंपनी अजून आहे पण पूर्वीचं वजन राहिलेलं नाही.

आता जपानने काय केलं ते बघू, कारण तिथे बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे. न्यूमरिकल कंट्रोल ही कल्पना जपानची नाहीच, ती अमेरिकेची, एमआयटीमध्ये १९५२ ला पहिलं मशीन दाखवलं, आणि पैसा होता अमेरिकन हवाई दलाचा. त्यामुळे अमेरिकेत ती मशीनं बनली ती विमान कंपन्यांसाठी, मोठी, महाग, चालवायला खास माणूस लागणारी. जपानमध्ये फुजित्सूच्या आत १९५६ मध्ये एक छोटा गट बसला, तोच पुढे १९७२ ला फानुक म्हणून वेगळा झाला, आणि त्यांनी ठरवलं की कंट्रोल स्वस्त करायचा, सोपा करायचा आणि चार-पाच माणसांच्या वर्कशॉपला परवडेल असा करायचा. लेथवाला लेथ बनवणार, कंट्रोल फानुक देणार, असं कामाचं वाटप झालं. सरकारनेही १९५६ मध्येच यंत्र उद्योगासाठी खास कायदा केला होता. आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक घरातच. टोयोटाने १९४१ मध्येच आपला मशीन टूल विभाग वेगळी कंपनी करून काढला, टोयोदा मशीन वर्क्स. गाडीवाल्याच्या शॉपमध्ये मशीन बंद पडलं की बनवणारा इंजिनिअर तिथेच उभा, आज तक्रार आली की पुढच्या मशीनमध्ये सुधारणा. १९८२ पर्यंत जपान जगातला सगळ्यात मोठा मशीन टूल उत्पादक झाला.

अमेरिकेने मग काय केलं, तर १९८६ मध्ये जपान आणि तैवानवर दबाव आणून निर्यातीवर मर्यादा घालून घेतली, ती १९९३ पर्यंत चालली. अमेरिकेचे जुने मोठे कारखाने त्याने वाचले का? नाही वाचले. जे उभं राहिलं ते वेगळ्याच वाटेने आलं. हास नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने १९८८ मध्ये पन्नास हजार डॉलरच्या आत व्हीएमसी आणलं, छोट्या शॉपसाठी, आणि कंट्रोल स्वतःचा. आज आपल्याकडेही ती मशीनं दिसतात. मला यातून एवढंच दिसतं की संरक्षणाची भिंत बांधून वेळ मिळतो, पण त्या वेळात आत काय केलं यावर सगळं ठरतं. आपण तर चाळीस वर्षं भिंतीच्या आत होतो.

उलट बाजूचंही उदाहरण देतो म्हणजे कुणी म्हणायला नको की नुसता पैसा ओतला की झालं. चीनने २००९ मध्ये उत्पादनात सगळ्यांना मागे टाकलं. त्यांची शेनयांग मशीन टूल ही सरकारी कंपनी विक्रीच्या हिशोबाने एका टप्प्यावर जगात पहिली होती, जर्मनीची जुनी कंपनी विकत घेतली, स्वतःचा कंट्रोल आणला, आणि २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कर्ज काढून आकडा वाढवला, पण वरच्या दर्जाचं गिऱ्हाईक तरीही जर्मनी-जपानकडेच जात राहिलं. आणि तैवानमध्ये काय आहे? ताइचुंगच्या आसपास पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यात हजारो लहान-मोठे कारखाने, कुणी फक्त स्पिंडल (टूल किंवा जॉब फिरवणारा दांडा) करतो, कुणी फक्त टूल चेंजर, कुणी फक्त पत्र्याचं काम, आणि हायविन नावाची १९८९ मध्ये सुरू झालेली कंपनी बॉलस्क्रू (मोटर फिरली की टेबल सरकवणारा स्क्रू) आणि लिनिअर गाइड (टेबल ज्यावरून सरकतं तो रूळ, म्हणजेच गाइडवे) बनवते जी आज आपल्या इथल्या कित्येक मशीनमध्ये बसलेली असते.

इथेच मुद्दा येतो. एखादं भारतीय सीएनसी उघडून बघा. बेड, कॉलम, सॅडल हे ओतकाम आपलं, कोल्हापूरची फाउंड्री असेल किंवा राजकोट-कोइमतूरची, ओतकाम चांगलंच असतं, त्यात वाद नाही. पत्रा आपला. असेंब्ली आपली. पण कंट्रोलर फानुक, सीमेन्स नाहीतर मित्सुबिशी. मोटर आणि ड्राइव्ह त्यांचेच. बॉलस्क्रू आणि गाइडवे बहुतेक वेळा जपान, तैवान किंवा जर्मनीचे. स्पिंडलचे प्रिसिजन बेअरिंग बाहेरचे. धडधाकट देह आपला, पण मेंदू आणि नसा पाहुण्याच्या. किमतीचा मोठा हिस्सा याच वस्तूंत जातो, म्हणजे येन किंवा युरो वर गेला की मेड इन इंडिया मशीनचा भाव वर, आणि चढाओढ कशाच्या जोरावर करायची तर असेंब्लीच्या मजुरीवर.

लोक विचारतात, बॉलस्क्रू म्हणजे शेवटी आट्यांचा एक दांडा, त्यात काय एवढं? तर ऐका. पोलाद एक डिग्रीने तापलं की मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. स्क्रू एक मीटरचा धरा. सकाळी आठला शिफ्ट सुरू झाली, मे महिना, वर पत्रा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्क्रू सहज पाच डिग्री तापलाय, म्हणजे पन्नास-साठ मायक्रॉनचा फरक, आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, दहा मायक्रॉनचा. सकाळचा पहिला जॉब ओके, दुपारचा रिजेक्ट, ऑपरेटर बिचारा दर तासाला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) टाकत बसलाय आणि क्वालिटीवाला त्याच्यावर ओरडतोय. हे सोडवायला स्क्रूला आधीच ताण देऊन बसवतात, कुठे त्याच्या पोटातून थंड तेल फिरवतात, कुठे काचेची स्केल लावून खरी जागा मोजतात, आणि कंट्रोलरमध्ये तापमानाप्रमाणे दुरुस्ती लिहितात. यातलं एकही गुपित नाही, पुस्तकात सगळं आहे. पण आपल्या हवेत, आपल्या व्होल्टेजवर, आपल्या शेडमधल्या धुळीत हे नक्की किती आणि कसं करायचं ते शेकडो मशीनं गिऱ्हाईकाकडे वर्षानुवर्षं चालल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी पहिल्या गिऱ्हाइकाचं तुणतुणं लावलंय.

आणि ओतकाम सोपं आहे असंही समजू नका. बेड ओतला की आत ताण राहतो, तो घालवल्याशिवाय घाईने मशीनिंग केलं तर सहा महिन्यांनी बेड एका कोपऱ्यातून उचलतो आणि मग कितीही लेव्हलिंग करा, मशीन जागेवर येत नाही. त्यानंतर स्क्रेपिंग. स्लाइडला ब्ल्यू (निळा रंग) लावायचा, मास्टर (अचूक सपाट प्लेट) फिरवायचा, जिथे डाग उमटतो तो उंचवटा स्क्रेपरने हलकेच काढायचा, पुन्हा ब्ल्यू, पुन्हा मास्टर, आणि चौरस इंचात किती पॉइंट बसले ते मोजायचं. जगातली सगळ्यात महाग मशीनंसुद्धा आजही माणसाच्या हाताने अशीच स्क्रेप होतात. आपल्याकडे हे काम येणारे फिटर रिटायर होत चाललेत आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोराला यात करिअर आहे असं कुणी सांगत नाही, त्याला कॉन्ट्रॅक्टवर सात-आठ महिने ठेवून सोडून देतात, मग हात कधी बसणार त्याचा?

काही जण म्हणतील, कशाला एवढी धडपड, पैसे टाकले की मशीन मिळतंय ना. मिळतं, जोपर्यंत देणाऱ्याची इच्छा आहे तोपर्यंत. ऐंशीच्या दशकात तोशिबाच्या मशीन कंपनीने सोव्हिएत युनियनला पाणबुडीचे पंखे कापायची नऊ अक्षांची (नऊ प्रकारे हलू-फिरू शकणारी) मिलिंग मशीनं विकली, त्यांचा कंट्रोल नॉर्वेच्या कोंग्सबर्गचा होता. १९८७ मध्ये ते उघड झालं तेव्हा अमेरिकेत केवढा गदारोळ झाला, खासदारांनी संसदेसमोर तोशिबाचा रेडिओ हातोड्याने फोडला. एका मिलिंग मशीनवरून! आजही पाच अक्षांचं अचूक मशीन विकायला त्या देशाच्या सरकारचं लायसन्स लागतं, ते कुठे बसवणार, कशासाठी वापरणार हे लिहून द्यावं लागतं. आणि अणुस्फोटांनंतर आपल्यावर काय काय निर्बंध आले ते आपण पाहिलेलंच आहे.

निराश होण्यासारखं चित्र आहे असं मात्र मला वाटत नाही. बंगलोरची एस डिझायनर्स १९७९ मध्ये सुरू झाली, भारतीय ऑटो पार्टवाल्याला नेमकं काय हवंय ते ओळखून सीएनसी लेथ दिली आणि आज त्यांची मशीनं गल्लोगल्ली आहेत. राजकोटच्या ज्योती सीएनसीने २००७ मध्ये फ्रान्सची ह्युरॉन विकत घेतली, म्हणजे पाच अक्षांचं ज्ञान घरात आणलं. बीएफडब्ल्यू आहे, कोइमतूरची एलएमडब्ल्यू आहे. यांना जमलं कारण टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) आणि साध्या व्हीएमसीमध्ये इथल्या छोट्या जॉबवर्कवाल्यांनी त्यांची मशीनं घेतली, शिव्या घातल्या, सर्व्हिसवाल्याला रात्री फोन केले, आणि मशीनं सुधारत गेली. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते भोसरीच्या लोन काढून धंदा करणाऱ्या माणसाकडून. ज्यांच्याकडे खरा पैसा आहे, ते गिअर ग्राइंडिंग, मोठं बोरिंग, हाय प्रिसिजन ग्राइंडिंग घेताना अजून कॅटलॉग उघडतात तो जर्मनीचा.

आपल्याकडे मोठ्या कंपनीने हे करून दाखवलेलं नाही असंही नाही. सुमंत मुळगावकरांनी साठच्या दशकात पिंपरीला टेल्को (आजची टाटा मोटर्स) उभी करताना सुरुवातच टूलरूम (साचे आणि हत्यारं बनवणारा विभाग), ट्रेनिंग आणि मशीन टूल्सपासून केली, ट्रक नंतर. त्या टूलरूममधून आणि ट्रेनिंगमधून तयार झालेली माणसं पिंपरी-चिंचवडभर पसरली आणि कितीतरी जणांनी स्वतःचे वर्कशॉप टाकले. पुणे आज जे काही आहे त्यात या एका निर्णयाचा वाटा फार मोठा आहे असं मी मानतो.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये कॅपिटल गुड्स धोरण आलं, तुमकूरला मशीन टूल पार्क झालं, आयआयटी आणि सीएमटीआयला कंपन्यांबरोबर प्रोजेक्ट मिळाले. पण प्रोजेक्ट तीन वर्षांचा असतो, एक प्रोटोटाइप होतो, प्रदर्शनात ठेवला जातो, फोटो निघतात, आणि पुढे तो घ्यायला कुणी नसतं. मी एका सरकारी कारखान्याच्या टेंडरच्या प्री-बिड मीटिंगला बसलोय. अट होती की याच क्षमतेची अमुक मशीनं आधी पुरवलेली असली पाहिजेत आणि ती इतकी वर्षं चाललेली असली पाहिजेत. भारतीय कंपनीचा माणूस विचारत होता, साहेब पहिलं मशीन घेणारच कुणी नाही तर आम्ही दुसरं कुठून दाखवू? साहेबांकडे उत्तर नव्हतं, त्यांचाही दोष नव्हता, उद्या मशीन फसलं तर ऑडिटला तोंड त्यांनाच द्यायचं होतं.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, या ऑडिटच्या भीतीवर उपाय काढा. रेल्वेचे कारखाने, संरक्षण कारखाने, सरकारी कंपन्या दरवर्षी जी मशीनं घेतात त्यातला ठरलेला हिस्सा पहिल्यांदाच बनणाऱ्या भारतीय मशीनसाठी बाजूला काढा, ते फसलं तर नुकसान एका वेगळ्या फंडातून भरा आणि ऑर्डर देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी संरक्षण द्या. अट एवढीच ठेवा की त्या मशीनमध्ये कंट्रोलर, गाइडवे, बॉलस्क्रू किंवा स्पिंडल यातलं किमान एक तरी इथे डिझाइन झालेलं हवं, आणि दर पाच वर्षांनी ही अट एकेक पायरी वर न्या. सुरुवात कुठून करायची तेही सांगतो. आपल्या अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, नवीन मशीन टूल्सचे नमुने करण्यासाठी उभी केलेली, आज ती आर्मर्ड व्हेइकल्स निगमच्या ताब्यात रणगाड्यांच्या कामाला जुंपलेली आहे. तिथली एक शेड मोकळी करा, पुण्या-कोल्हापूरच्या कंपन्यांची पहिली मशीनं तिथे बसवा, रणगाड्यांचे खरे पार्ट त्यांच्यावर तीन शिफ्टमध्ये काढा, आणि काय मोडलं, किती तापलं, कुठे साइज गेला याचं लॉगबुक बनवणाऱ्याला रोजच्या रोज द्या.